घे, कुंबा

केर लामिन
६ फेब्रुवारी १९७९

मारेम, माझ्या पोरी,

तुझं पत्र बसवाल्या न्गोमनं काल आणून दिलं. मी आधी त्याला ओंजळभर शेंगदाणे दिले, त्याच्या बायकोची चौकशी केली, तो गेल्यावर मग पत्र उघडलं. दोन वर्षं मी त्याच्या बसची वाट बघत होते असं त्याला वाटायला नको. तू अजून आपल्या अक्षरांत लिहितेस हे बघून बरं वाटलं. फ्रेंच शाळेत शिकलीस, मास्तरीण झालीस, तरी मी चुलीपुढं राखेत गिरवून घेतलेली मदरशातली अक्षरं विसरली नाहीस.

तुला आठवा महिना लागला म्हणतेस. पाय सुजतात का? सुजले तर उंच ठेवून झोप, अन् खारवलेले मासे बंद कर.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'आई, बारशाला नक्की ये. फक्त एक कर. तिथं फार बोलू नकोस. जमलं तर बोलूच नकोस. घसा बसलाय असं मी सांगीन.' हे वाचून मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची दागो विळा घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. कुंबाचा घसा बसला असं गावात सांगितलं तर लोक माझ्या मयताची तयारी करतील. मी अंगणातून शेळीला हाक मारते तेव्हा तळ्यापलीकडचे गुराखी मागं वळून बघतात. तुझा बाप म्हणायचा, 'या घरात दोन ढोल आहेत, त्यातला एकच मी वाजवतो.'

दागो गेल्यावर मी दार लावून रडले. हे लिहिणार नव्हते, लिहिलं गेलं.

तुझा राग मला करता येत नाही, कारण तू हे कुठं शिकलीस ते मी बघितलंय. थोरल्या मादियोरांच्या पडवीत. ते गावचे प्रमुख, सात पिढ्यांचे खानदानी, अन् आपण सात पिढ्या त्यांचे गेवेल, त्यांचं घराणं गाणारे. ते इतके हळू बोलतात की जेवताना मीठ हवं असलं तरी ते काय म्हणाले हे त्यांच्या बायकोला मला विचारावं लागतं. मोठ्या घरच्या माणसानं नुसते ओठ हलवायचे, गेवेलनं कान लावायचा अन् चार लोकांत खणखणीत सांगायचं. आवाज चढवणं त्यांच्यात लाजेचं, अन् आपलं पोट त्याच्यावरच चालतं. तू सहा वर्षांची होतीस. त्यांच्या मुलींसारखी मान खाली घालून, शब्द अर्धे गिळून बोलायला लागलीस. आपल्या आळीतली पोरं 'राणीसाहेब, राणीसाहेब' करत तुझ्यामागं फिरायची. तुझ्या बापानं एकदा काळजीनं विचारलं होतं, 'मारेम, दात दुखतो का गं?'

तुझा दात दुखत नव्हता. चटईवर कोण बसतं अन् जमिनीवर कोण, हे तुला दिसलं होतं. माझ्या आजीला मेल्यावर मातीत जागा मिळाली नाही, गेवेलला पुरलं तर पीक जळतं म्हणायचे. तिला गोरखचिंचेच्या ढोलीत ठेवलं. ते झाड तुझ्या शाळेच्या वाटेवर होतं अन् तू रोज लांबचा वळसा घालून जायचीस.

न्दार शहरात लग्न जमताना तुला जातीचं कुणी काही विचारलं नसणार. आपल्या आडनावाची माणसं त्यांच्यातही आहेत. आपण ओळखू येतो ते तोंड उघडल्यावर, अन् तुझं तोंड तर त्यांच्याहून जास्त त्यांच्यासारखं उघडतं. तुझ्या नवऱ्याला, बिरानला सगळं ठाऊक आहे, पण त्याच्या आईवडिलांना कळलं तर एक दिवस घरात ठेवणार नाहीत, असं लिहितेस. बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नाला मला बोलावलं नव्हतंस, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

मी येईन अन् गप्प बसेन. बाळाला कुणाचं नाव द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी काही विचारणार नाही. तसं कुंबा हे नाव काही वाईट नाही, एवढंच म्हणते.

तुझी आई


केर लामिन
१४ मार्च १९७९

मारेम,

मुलगी! न्गोमनं बस थांबवून खिडकीतूनच सांगितलं. मी किंचाळणार होते, पण तोंडावर हात दाबला. सराव चालू आहे माझा. आठवडाभर शेळ्यांना हाक न मारता हातानं ओढून आणते, त्या माझ्याकडं संशयानं बघतात.

थोरल्या मादियोरांना मी सगळं सांगितलंय, रागावू नकोस. त्यांच्या पोटात राहील. कुणाला सांगायचं झालं तरी त्यांना ते माझ्याकडूनच सांगावं लागेल. मी म्हटलं, 'मालक, तुम्ही गप्प कसे बसता ते मला शिकवा.' बराच वेळ ते दाढी कुरवाळत बसले. मग म्हणाले, 'ओठ मिटणं सोपं आहे, कुंबा. डोळे पण खाली ठेव. कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर देऊ नकोस. ज्याला घाई नाही तो मोठा.' मी म्हटलं, 'अन् भूक लागली तर?' म्हणाले, 'मोठ्या घरच्यांना भूक लागत नाही. म्हणून तर आम्ही सगळे असे वाळलोय.'

परवा निघते. बाळासाठी लोणी अन् मधाची बाटली घेतलीय. निळा झगा घालणार आहे, पिवळा नाही. पिवळा फार ओरडतो असं दागो म्हणाली.

तुझी आई


केर लामिन
२४ मार्च १९७९

मारेम,

मी नीट पोचले. शेळ्या ठीक आहेत. एकीला पोटफुगी झाली होती, दागोनं तिला कसला तरी पाला दिला. इकडे ऊन फार आहे.

गाडी वाटेत लुगाला बंद पडली नसती तर मी आदल्या संध्याकाळीच पोचले असते. तू मला सासूबाईंपुढं नेलं असतंस, 'ही माझी आई, हिचा घसा बसलाय' म्हणाली असतीस, मी मान डोलवली असती अन् सगळं नीट झालं असतं. पण मी आले तेव्हा मेंढा दारात बांधलेला होता, बाळाचं जावळ काढून झालं होतं, अन् पाहुणे चटयांवर बसले होते. तू पलंगावरून बोटानं कोपरा दाखवलास अन् ओठांनीच म्हणालीस, 'नंतर सांगते सगळ्यांना.' मी दाराजवळच्या कोपऱ्यात बसले. डोळे खाली, हातात हात घट्ट धरलेला.

तू आत होतीस, तुला अंगणातलं दिसलं नसेल. तुझ्या सासऱ्यांनी, हाजीसाहेबांनी, बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग ते लोकांकडं वळले अन् त्यांनी ओठ हलवले. त्यांच्या घरचा गेवेल अजून आला नव्हता, नदीपलीकडं अडकला होता म्हणे. एवढी माणसं, अन् कुणालाच नाव कळलं नाही. हाजीसाहेबांनी पुन्हा ओठ हलवले. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, मागं कुणी तरी खोकलं. त्यांना आवाज चढवता येईना. नातीचं नाव सांगायला हाजीसाहेब बाजारातल्या मासेवाल्यासारखे ओरडले, असं न्दारभर झालं असतं. म्हातारा घामानं भिजला होता. मला त्याची दया आली, पोरी. मी उंबऱ्याच्या आत, तो उंबऱ्याच्या बाहेर. तिसऱ्यांदा त्यानं नाव उच्चारलं ते सरळ माझ्या कानात आलं. चाळीस वर्षं कानात आलेलं मी तोंडानं बाहेर टाकलंय. मध्ये थांबवायचं कसं ते मला माहीत नाही.

'ऐका हो ऐका! हाजीसाहेब म्हणतात, मुलीचं नाव रोखाया! आजीचं नाव नातीला, आजीचं आयुष्य नातीला!'

बाहेर 'आमीन' झालं, हाजीसाहेबांनी कपाळ पुसलं. आत मात्र सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडं वळल्या. नाव सासूबाईंचं ठेवलंत हे मला माझ्याच तोंडून कळलं, त्याचंही काही नाही, घरच्या मोठ्या बाईचंच ठेवतात. पण रोखायाबाईंनी हळूच विचारलं, 'ही कोण?' मी गेवेल आहे हे त्यांना विचारायची गरज नव्हती, ते माझ्या आवाजानंच सांगितलं होतं. कुणाची कोण, एवढंच त्यांना हवं होतं.

मी तुझ्याकडं बघितलं नाही. डोळे खाली ठेवायला शिकले होते ना. पण ऐकलं. तू म्हणालीस, 'माझ्या आईची गेवेल. आईला बरं नाही, म्हणून तिनं हिला पाठवलंय.'

एक शब्द चढला नाही तुझा. थोरल्या मादियोरांच्या मुलींना सुद्धा इतकं सुंदर बोलता आलं नसतं.

गेवेलचं पहिलं काम म्हणजे मोठ्या घरच्या माणसाची लाज राखणं. त्या खोलीत तू मोठ्या घरची बाई होतीस अन् तुझी लाज माझ्या हातात होती. मी उठले. झगा सावरला, हात वर केला अन् तुझं घराणं गायला लागले. दुष्काळात ज्यांनी कोठार उघडलं त्यांची तू पणती, ज्यांनी वैऱ्याला स्वतःचा घोडा देऊन घरी पोचवलं त्यांची तू नात. सगळे थोरल्या मादियोरांचे पूर्वज. एकेकाला उठवून तुझ्या पलंगामागं उभं केलं. आजवर मी कुणाचा आजा कुणाला दिला नव्हता, तो माझ्या धंद्यात सगळ्यात मोठा गुन्हा. तुझ्या बापाचं नाव घेतलं नाही. ढोल वाजवणाऱ्या माणसाला त्या रांगेत कुठं उभं करणार?

बायका डोळे पुसायला लागल्या. कुणी नोटा दिल्या, कुणी कापड दिलं. जिचं घराणं गायलं तिनं सगळ्यांत शेवटी द्यायचं असतं, ते तुला ठाऊक होतं. तू अंगावरची शाल काढलीस, माझ्या खांद्यावर टाकलीस. आवाज तसाच हळू. म्हणालीस, 'घे, कुंबा.'

तू मला कधी नावानं हाक मारली नव्हतीस. लहानपणी सुद्धा नाही, चिडलीस तरी नाही.

भात चांगला होता. मागच्या अंगणात इतर गेवेल बायकांबरोबर मी जेवले, त्यांचा गेवेल तोवर आला होता, त्यानं माझ्या आवाजाची तारीफ केली. रोखायाबाईंनी निरोप पाठवला, 'अशी गेवेल मिळत नाही आजकाल, दर सणाला हिला बोलवत जा.' बाळ हातात घ्यायला मिळालं नाही. गेवेलनं बाळाला घेऊ नये असं काही नसतं. कुणी दिलं नाही अन् मी मागितलं नाही. जन्मभर मागून खाल्लं, ते एक मला मागता आलं नाही.

लोणी अन् मध स्वयंपाकघरात कपाटावर ठेवलंय.

कुंबा


केर लामिन
१० ऑक्टोबर १९८२

मारेम,

बकरीदेला मी आले तेव्हा तुझ्याशी बोलायला मिळालं नाही, म्हणून लिहिते. आता मी सणासुदीला येणारी बाई झाले आहे. येते, तुझं उसनं घराणं गाते, जेवते, परत जाते. बिरान बसपर्यंत सोडायला येतो अन् वाटभर बुटाकडं बघत चालतो. तू दर वेळी दारात म्हणतेस, 'घर वेगळं झालं की सांगीन, आई.' तेवढी एक हाक मला मिळते, अन् तिच्यासाठी मी दिवसभराचा प्रवास करते, खोटं कशाला बोलू.

थोरले मादियोर गेल्या महिन्यात वारले. त्यांचे पूर्वज मी तुला दिले हे मी त्यांना मागंच सांगितलं होतं. वाटलं होतं, दार बंद करतील मला. ते म्हणाले, 'माझ्या आज्यांना एक नात जास्त झाली. त्यांना चालेल.' शेवटच्या दिवशी त्यांचे ओठ हलले, मी कान लावला. 'पाणी' म्हणाले. मी मोठ्यानं ओरडले, 'मालक पाणी मागतात हो!' खोलीत ते, मी अन् त्यांची बायको, तिघंच होतो. त्यांची बायको रडता रडता हसली. त्यांना मातीत पुरलं. मी कबरीपाशी त्यांचं घराणं गायले, अन् गाताना प्रत्येक नावाला मला तू आठवलीस.

आता रोखायाबद्दल. साडेतीन वर्षांची पोर ती. अंगणात मेंढा उधळला तेव्हा ती हसली, केवढ्यानं हसली! ते हसू माझं आहे, अन् माझ्या आईचं होतं. तुझी सासू म्हणाली, 'ही कुणावर गेली?' अन् तू पोरीच्या ओठांवर दोन बोटं मारलीस. जोरात नाही मारलीस, बघितलं मी. पण ती लगेच गप्प झाली, म्हणजे पहिल्यांदा मारत नव्हतीस.

पोरी, मी तुला कधी काही मागितलं नाही. हे एक मागते. तिला हळू बोलायला शिकव, राहायचं आहे तिला त्या घरात. पण हसण्याला हात लावू नकोस. तुझं हसू कुठं गेलं ते मला ठाऊक नाही. न्दारला तीन वर्षं येते, ते मी एकदाही ऐकलं नाही.

तिला शिकवलंयस की मी 'गेवेल कुंबा'. ती ते फार गोड म्हणते.

कुंबा


केर लामिन
१९ सप्टेंबर १९८६

मारेम,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आधी शेंगांच्या पिकाबद्दल लिहिलं, मग दागोच्या गुडघ्याबद्दल. ते सगळं फाडलं.

रोखायाबाई मक्केहून परतल्या, त्या जेवणावळीला तू मला बोलावलंस. पत्रात लिहिलं होतंस, 'सासूबाईंच्या नावाची नात म्हणून रोखाया पाहुण्यांपुढं दोन शब्द बोलणार आहे. खानदानी पद्धतीनं, तुझ्या कानात. तू ते मोठ्यानं सांगायचंस.' ते दोन शब्दही लिहून पाठवले होतेस, 'आजी सुखरूप आली, देवाची कृपा, सगळ्यांनी पोटभर जेवून जावं.' मी बसमध्ये ते घोकत आले. मला घोकायची काय गरज? पण घोकले. तिचे शब्द माझ्या तोंडून जाणार होते. त्याहून जवळ मला कधी कुणी जाऊ दिलं नव्हतं.

तुझी लेक पांढरा झगा घालून आली. साडेसात वर्षांची, पण पाऊल कसं टाकत होती! डोळे खाली, घाई नाही. थोरले मादियोर असते तर त्यांनी तिला शेजारी बसवलं असतं. अंगण गच्च भरलं होतं. मी गुडघ्यावर बसले अन् कान पुढं केला.

ती जवळ आली. तिच्या तोंडाला भाजलेल्या शेंगांचा वास येत होता. तिचा श्वास माझ्या कानाला लागला, अन् ती म्हणाली:

'तू माझी आजी आहेस ना? आई दार लावून तुझे कागद वाचते, तेव्हा तुझ्यासारखीच हसते. मोठ्यानं.'

मारेम, तू हसतेस? हे मला माहीत नव्हतं. सात वर्षं मला वाटत होतं की तू माझी पत्रं चुलीत घालत असशील. तेवढ्यासाठी मी त्या पोरीला उचलून घेणार होते, तिथंच, सगळ्यांपुढं.

पण अंगण माझ्याकडं बघत होतं. मोठ्या घरचं माणूस कानात बोललं की गेवेलनं ते जसंच्या तसं लोकांत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द घालायचा नाही. मी उभी राहिले. रोखायाबाई खुर्चीत बसल्या होत्या, हाजीसाहेब तसबीहची माळ ओढत होते, बिरान बुटाकडं बघत होता. तू खांबाला धरून उभी होतीस. तुला ऐकू गेलं नव्हतं, पण ठरलेल्या शब्दांना इतका वेळ लागत नाही हे तुला कळलं होतं. तू खांब आणखी घट्ट धरलास.

माझ्या घशाशी ते आलं होतं, पोरी. जसंच्या तसं. 'ऐका हो! छोट्या रोखायाबाई विचारतात...' एवढंच म्हणायचं होतं. माझा धंदा तोच, माझा हक्क होता तो, कुणी मला दोष दिला नसता. मी तोंड उघडलं.

'ऐका हो ऐका! छोट्या रोखायाबाई म्हणतात, आजी सुखरूप आली, देवाची कृपा, सगळ्यांनी पोटभर जेवून जावं!'

लोक 'आमीन' म्हणाले. रोखायाबाईंनी डोळे पुसले. तू खांब सोडलास. फक्त ती पोर माझ्याकडं बघत राहिली. ती काय बोलली ते तिला ठाऊक होतं. गेवेल खोटं सांगते हे तिनं त्या दिवशी पाहिलं, अन् ते माझ्याकडून पाहिलं. उसने पूर्वज दिले तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं.

मग शिकवल्याप्रमाणं तिनं कमरेचा रुमाल सोडला, माझ्या हातात ठेवला, मान खाली घातली. अगदी हळू, अगदी सुंदर आवाजात म्हणाली, 'घे, कुंबा.'

मी घेतला. काय करणार होते?

आता मी न्दारला येणार नाही. राग नाही, तुझ्यावर तर नाहीच. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एकदा मी ते घशात अडवलं, पुन्हा अडवता येणार नाही. ती पुढच्या खेपेला कानात जे म्हणेल ते माझ्या तोंडून बाहेर पडेल, अन् तुझं घर मोडेल. सासूबाईंना सांग, कुंबाचा घसा बसला. तुला ते सोपं जाईल, तूच सुचवलं होतंस.

पत्रं लिहीत जाईन. दार लावून वाच.

एक काम तेवढं राहिलंय. तिनं मला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी दिलं नाही. तिच्या कानाशी माझं तोंड होतं, पण हळू बोलणं मला येत नाही, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मी 'हो' म्हटलं असतं तर नदीपलीकडं ऐकू गेलं असतं. तुला येतं. सहा वर्षांची असल्यापासून येतं. तिला जवळ घे, दार लाव, अन् तुझ्या त्या सुंदर आवाजात, भिंतीला सुद्धा ऐकू जाणार नाही असं, तिच्या कानात तेवढं 'हो' म्हण.

तुझी आई